'येतो' म्हणून गेलेला भागीदार

मनामा, ४ मार्च १९८३

प्रिय फ्रेडी,

पोहोचल्याची तार नाही, पत्र नाही. तू सुखरूप गावी, गिरीजला पोहोचलास हे मला हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या अ‍ॅलिसकडून कळलं, आणि तिला तिच्या भावाकडून. म्हणजे अख्ख्या गावाला तुझी खबर आहे, फक्त सख्ख्या वहिनीला नाही. हॉटेलातली नोकरी सोडलीस, सामान बांधलंस, विमानात बसलास, आणि माझ्या दारावर साधी टकटकसुद्धा नाही. कार्मेल दोनदा विचारून झाली, "अंकल डिडन्ट से बाय?" मी म्हटलं, घाई झाली असेल. मुलीशी खोटं बोलावं लागलं तुझ्यापायी.

कामाचं लिहिते. आपली तिन्ही किराणा दुकानं, सगळी कोल्ड स्टोअर्स विकायचा ठराव त्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये झाला म्हणतात. तो झाला कसा? मी ड्युटीवर होते. माझी शिफ्ट जयप्रकाशला ठाऊक नव्हती असं कृपा करून म्हणू नकोस. तो मॅनेजर आहे, आणि मीटिंगची तारीख त्यानेच ठरवली. शुक्रवार पाहून, माझी सकाळची ड्युटी पाहून ठरवली असं मी म्हणते. तू म्हणशील, वहिनीला ऊठसूट संशय. म्हण.

पण करारातलं ते कलम तुझ्या भावाने, ज्युलियनने भांडून घातलं होतं, तू साक्षीदार आहेस. पाच भागीदारांपैकी चार जण शेवटपर्यंत बसलेले असल्याशिवाय दुकान विकायचं नाही. मी नव्हते. म्हणजे उरलात चार: आपले बहरीनी हाशिमभाई, जयप्रकाश, शैलेंद्र आणि तू. शैलेंद्र सांगतो की विकत घेणारा जयप्रकाशचाच मेहुणा आहे हे तू सगळ्यांसमोर ओरडून सांगितलंस आणि मीटिंग सोडून निघून गेलास. शाबास. मग राहिले तीन. तीन जणांनी दुकानं विकली कशी?

अदलियाच्या दुकानाचं शटर ज्युलियनने स्वतः रंगवलं होतं. तो गेल्यावर माझ्याजवळ त्याचं म्हणून उरलं ते एवढंच आहे, आणि कार्मेलच्या कॉलेजचा आधारही तोच. ते पडत्या भावात त्या साळसूद माणसाच्या घरात जाताना मी बघत बसणार नाही. काय घडलं ते मला सविस्तर लिही. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
बेनिटा वहिनी

मनामा, ८ एप्रिल १९८३

फ्रेडी,

तुझं उत्तर नाही. मीटिंगचे मिनिट्स मात्र मिळाले. मिळाले म्हणजे मी ऑफिसात जाऊन बसले, आणि हातात पडेपर्यंत उठले नाही. जयप्रकाश गोड हसत होता. "बेनिटाबाई, तुमच्यापासून काय लपवायचंय?" असं जो म्हणतो त्याच्याकडे लपवण्यासारखं बरंच असतं, हा माझा नर्सिंगमधला अनुभव आहे. पेशंटही असंच बोलतात.

मिनिट्समध्ये तुझ्याबद्दल काय आहे माहीत आहे? इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. "श्री. फ्रेडी तुस्कानो परत येतो असे सांगून खोलीबाहेर गेले. त्यामुळे ते हजर आहेत असे धरून कामकाज पुढे चालवण्यात आले." खाली हाशिमभाईंची सही, जयप्रकाशची सही, शैलेंद्रची सही.

परत येतो असं सांगून! तू भांडून गेलास की सिगारेट ओढायला गेलास? शैलेंद्रला फोन केला तर तो म्हणतो, "आता नीटसं आठवत नाही हो वहिनी." महिन्यापूर्वी त्याला सगळं आठवत होतं. शैलेंद्रचं त्याच्या स्वतःच्या सनाबिसच्या दुकानाचं कर्ज जयप्रकाशने फेडून दिलंय असं कानावर आलं. खरं-खोटं देव जाणे, पण त्याची स्मृती त्याच सुमारास गेली.

आता तुझ्याकडे येते. मला दोनच शक्यता दिसतात. एक, तू तसं बोललाच नाहीस आणि त्यांनी घुसडलं. दोन, तू तसं बोललास. आणि बोलला असशील तर का बोललास? तुला कलम माहीत होतं. तू बाहेर गेलास की मीटिंग मोडते, आणि "परत येतो" म्हणून गेलास की मोडत नाही, एवढं तुला कळतं. मग त्याच आठवड्यात नोकरी सोडून निघालास. तिकीट कुणी काढून दिलं? मी आरोप करत नाही, फक्त विचारते.

यात काही पाणी मुरत नसेल तर दोन ओळी लिहायला काय जातं?

बेनिटा वहिनी

मनामा, २० मे १९८३

श्री. फ्रेडी तुस्कानो यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. त्यात आपण लिहिता, "वहिनी, तुला काय समजायचं ते समज." बरे आहे. मी समजले.

आपण मीटिंगमध्ये काय बोललात हे मी आपणांस दोनदा विचारले. ज्या माणसाने काही केलेले नसते तो "नाही" असे लिहितो, त्याला एक शब्द पुरतो. आपण उत्तर टाळलेत. आपल्या थोरल्या भावाने आपणांस इथे आणले, स्वतःच्या खोलीत ठेवले, स्वतःच्या धंद्यात भागीदार करून घेतले. तुम्ही त्याची परतफेड चांगली केलीत. तुमचा जयप्रकाशशी काय व्यवहार ठरला हे तुम्ही सांगितले नाहीत तरी एक दिवस मला कळेलच.

यापुढे पत्रव्यवहार फक्त कंपनीच्या कामापुरता ठेवावा.

कळावे,
बेनिटा तुस्कानो
भागीदार

मनामा, १० जून १९८३

फ्रेडी,

हे पत्र अ‍ॅलिसच्या हाती पाठवते आहे. ती सुट्टीवर येतेय. पोस्टावर माझा विश्वास नाही, आणि हे तुझ्याच हातात पडायला हवं.

काल ऑफिसात हुसेन एकटा होता. तोच आपला बहरीनी क्लार्क, ज्युलियनच्या हाताखाली दुकानात वाढलेला आणि तिथेच मराठी शिकलेला. अजून मला बघितलं की "बाई, जेवला का?" विचारतो. मिनिट्स त्यानेच लिहिले होते. मी ठरवूनच गेले होते की याला धारेवर धरायचं. म्हटलं, "हुसेन, ज्युलियनच्या आत्म्याला स्मरून सांग. फ्रेडी काय बोलला ते तू लिहिलंस, की जयप्रकाशने सांगितलं ते?"

बिचाऱ्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "बाई, वल्ला, शपथ, बोलला तेच लिहिला. आधी खूप ओरडला. खुर्ची ढकलला. मग दरवाजात उभा राहून बोलला, 'येतो मी.' आणि गेला."

मी म्हटलं, "येतो मी, एवढंच?"

"एवढंच. मी वाट बघितला. मग साहेबाला विचारला, येतो म्हणजे परत येणार ना? साहेब बोलला, हो, येतो म्हणजे येतो. लिही."

फ्रेडी, मला तिथल्या तिथे हसूही आलं आणि रडूही. आपण कुणाच्या घरून निघताना "जातो" म्हणतो का रे? आई उभी करेल का दारात? भांडून निघाला तरी गिरीजचा माणूस दारात "येतो" म्हणूनच निघणार. तोंडाला वळणच ते. हुसेन मराठी शिकला तो दुकानाच्या गल्ल्यावर, निरोप घ्यायला त्याला कुणी शिकवलं नाही. त्याची चूक मी धरत नाही. म्हणजे आज तरी धरत नाही. त्याला त्या महिन्यात पगारवाढ मिळाली का, हे मी विचारून ठेवणार आहे.

पण जयप्रकाश! तो गिरगावात जन्मला. उभा जन्म "येतो" म्हणून लोकांच्या घरून निघाला असेल. त्या खोलीत त्या शब्दाचा खरा अर्थ त्याला आणि शैलेंद्रला ठाऊक होता, आणि दोघं मूग गिळून बसले. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. हेच मला जास्त झोंबतं.

तर तू तसं मुद्दाम बोलला नव्हतास, हे मला आता दिसतंय. मात्र हे तू मार्चमध्येच लिहिलं असतंस तर मला मागचं पत्र लिहावं लागलं नसतं, हेही खरं आहे. मी माफी मागत नाही. माझ्या जागी कुणीही असतं तरी त्याला हेच वाटलं असतं. झालं गेलं विसरून जा.

अ‍ॅलिसबरोबर खजूर आणि आईंसाठी बाम पाठवला आहे.

बेनिटा वहिनी

मनामा, १५ जुलै १९८३

प्रिय फ्रेडी,

बस, आणि निवांत वाच. जिंकलो!

ईदच्या भेटीला आम्ही सगळे भागीदार हाशिमभाईंच्या घरी, त्यांच्या मजलिशीत गेलो. हलवा, त्यांची कडू कॉफी गहवा, म्हाताऱ्याची सगळी नातवंडं-पतवंडं. म्हटलं, याच्यापेक्षा चांगले साक्षीदार कुठे मिळणार? मी सरळ विषय काढला. हुसेन अरबीत सांगत होता. फ्रेडी निघून गेला होता, तो निरोपाचा शब्द होता, ठराव कलमाविरुद्ध आहे, आणि घेणारा मेहुणा आहे. मेहुण्याचं हाशिमभाईंना ठाऊकच नव्हतं! तू त्या दिवशी ओरडलास ते मराठीत. त्यांना वाटलं पगारावरून काहीतरी चाललंय. जयप्रकाशने त्यांना एवढंच भरवलं होतं की गेल्या वर्षी कुवेतचा शेअर बाजार बुडाला तशी उद्या इथली दुकानदारी बुडणार, आज गिऱ्हाईक मिळतंय तोवर विका.

जयप्रकाश जराही डगमगला नाही. "हाशिमभाई, शब्द साफ आहे. येतो म्हणजे येईन. हुसेनला मराठी येतं, त्यालाच विचारा." हुसेन मान खाली घालून उभा. शैलेंद्र गालिच्याची नक्षी बघत बसला होता. मला वाटलं, झालं, गेलं सगळं.

मग जयप्रकाशला आणखी कुठे ईदला जायचं होतं. तो उठला, हाशिमभाईंच्या खांद्याला खांदा लावला, चपला घातल्या आणि वळून शैलेंद्रला म्हणाला, "बरं, येतो रे मी."

हुसेनने त्याचा पेला उचलला होता, तो परत खाली ठेवला. "साहेब, परत किती वाजता? गहवा गरम ठेवू?"

"छे रे, परत कशाला? घरी चाललो मी," जयप्रकाश म्हणाला. म्हणाला आणि जागच्या जागी थिजला.

शैलेंद्रला खोकला आला, खोटा. हाशिमभाईंनी हुसेनला विचारलं, काय झालं? हुसेनने दोन्ही वाक्यं अरबीत सांगितली, जशीच्या तशी. म्हातारा आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग हसणं थांबलं आणि त्याने हात पुढे केला, "ते मिनिट्स आणा." माझ्याकडची प्रत मी पर्समध्येच ठेवली होती. त्याने आपल्या सहीवर काट मारली. हुसेनने ते भोळेपणाने विचारलं की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही. मला तर मुद्दामच वाटतं.

आता पुन्हा मीटिंग होईल, ९ सप्टेंबरला. आणि मी काही कच्च्या गुरूची चेली नाही, सगळं लिहून घेतलंय. यापुढे मीटिंगची सूचना आठ दिवस आधी, लेखी, प्रत्येकाच्या हातात. मिनिट्स त्याच खोलीत, सगळ्यांना कळेल अशा भाषेत वाचून, मगच सही. जो येऊ शकत नाही त्याने दुसऱ्याला प्रॉक्सी द्यायची, म्हणजे आपल्या वतीने मत मांडायचा अधिकार, आणि त्या माणसाचं पत्र सगळ्यांसमोर पूर्ण वाचायचं, मधली ओळ गाळायची नाही. विकत घेणाऱ्याशी नातं असेल तर ते उघड सांगायचं. नातेवाइकाने मतच देऊ नये असंही मी म्हटलं होतं. त्यावर हाशिमभाई म्हणाले, "बेनिटा, या बेटावर नातेवाइकांना धंदा बंद केला तर उद्यापासून सूकच, अख्खा बाजारच बंद!" ते राहिलं. पण बाकीचं मिळालं. आपल्यासारख्या छोट्या भागीदाराला इतकं कुठल्या कंपनीत मिळतं सांग बघू.

हिशोब असा आहे. हाशिमभाई आता विक्रीच्या विरुद्ध, मी विरुद्ध. जयप्रकाश आणि शैलेंद्र बाजूने. म्हणजे सगळं तुझ्या मतावर. तुझं पत्र माझ्या नावे लगेच पाठव.

एक सांगायचं राहिलं. जयप्रकाश या आठवड्यात सुट्टीवर मुंबईला निघालाय. तो गिरीजला आल्याशिवाय राहणार नाही. त्याला ओट्यावरसुद्धा बसू देऊ नकोस. मी तुझ्यावर संशय घेत नाही, गैरसमज नको. पण तुझं आता तिथे काही उत्पन्न नाही, वाडीत काय पिकतं ते मला ठाऊक आहे, आणि तो माणूस खिशात हात घालून येईल. त्याच्याकडून काही घेतलंस तर ते माझ्यापर्यंत पोहोचेल. अ‍ॅलिसचा भाऊ तुमच्या घरासमोरच राहतो.

तुझ्या पत्राची वाट बघते.

तुझी,
बेनिटा वहिनी

मनामा, ९ सप्टेंबर १९८३

प्रिय फ्रेडी,

मीटिंग आज झाली. सगळं नियमाप्रमाणे झालं. आठ दिवस आधी सूचना आली होती, मी ड्युटी बदलून घेतली होती, आम्ही चौघंही हजर होतो. जयप्रकाशने मेहुण्याचं नाव स्वतः उभं राहून सांगितलं. मी तुझ्या पत्राची कालपर्यंत वाट बघितली. पोस्टाने उशीर केला असेल, अ‍ॅलिसच्या भावाने दाबून ठेवलं असेल, काय काय मनात आणलं. मग जयप्रकाशने पाकीट काढलं. तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

मत त्याच्या नावे देता येतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. देता येतंच. नियम मीच लिहून घेतला होता. "पत्र पूर्ण वाचा," असं मात्र मी म्हटलं. मला वाटलं, त्याने जबरदस्तीने लिहून घेतलं असेल, मधे कुठेतरी तू खूण ठेवली असशील. माझं मन बघ कुठे कुठे धावतं.

हुसेनने वाचलं. "माझे मत विक्रीच्या बाजूने आहे. मी हे जयप्रकाशकडून काही घेऊन लिहीत नाही. त्याने त्या मीटिंगमध्ये काय केले ते मला माहीत आहे आणि तो मला आवडत नाही. माझ्या वाट्याचे जे येईल त्यातले अर्धे कार्मेलच्या नावे ठेवावे. मला ही भागीदारी नको, कारण माझ्या वहिनीने मला 'तुम्ही' लिहिले आहे."

हाशिमभाईंनी हुसेनला विचारलं, तिने त्याला काय लिहिलं? हुसेन अडखळला. त्यांच्या अरबीत ज्याला त्याला "इंता"च म्हणतात, त्यात तू आणि तुम्ही कुठून वेगळं काढणार? तो म्हणाला, तिने त्याला "तू" असं लिहिलं. म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यात एवढं काय?

मला सांगता येईना. शेवटी जयप्रकाशने सांगितलं. तो माझ्याकडे न बघता, म्हाताऱ्याला कळतं तेवढ्या हिंदीत म्हणाला, "हाशिमभाई, हमारे में घर के छोटे को ऐसा नहीं लिखते. मतलब, तू अब मेरा कोई नहीं." या वेळी त्याने अर्थ अगदी बरोबर सांगितला.

मग हात वर झाले. तीन विरुद्ध दोन. हाशिमभाई "खलास" म्हणाले आणि उठले. मिनिट्स वाचले, मला कळतील असे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी सही केली. शैलेंद्र दारात काहीतरी पुटपुटला, बहुतेक सॉरी. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

तुझं मत मोजलं जावं म्हणून मी मार्चपासून भांडले. ते आज नीट मोजलं गेलं. तो तुझा हक्क होता, आणि तू तो माझ्याविरुद्ध वापरलास. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. घरी येताना टॅक्सीत रडले, ड्रायव्हर बिचारा घाबरला.

जयप्रकाशला मी पकडलं, शैलेंद्रला पकडलं, हुसेनच्या पगारवाढीची चौकशी केली. वाढ मिळाली नव्हती. तुझ्यावर मात्र पहिल्या पत्रापासून डोळा ठेवला तो शेवटच्या पत्रापर्यंत, "संशय घेत नाही" असं लिहितानासुद्धा. तू आईंच्या घरी गप्प बसलास तो दुखावला होतास म्हणून, लपवत होतास म्हणून नाही, हे मला एकदाही सुचलं नाही. जयप्रकाश तुझ्या ओट्यावर येऊन बसला. मी येऊ शकले असते, मला सुट्टी होती. मी पत्रच लिहीत राहिले.

'तुम्ही' मी मागे घेते. दुकानं गेल्यावर घेते आहे, म्हणजे त्यात माझा काही फायदा उरलेला नाही, एवढं तरी तुला पटावं. उत्तर लिही असं म्हणत नाही. लिहिलंस तर शिव्या दे, पण 'तू' म्हणून दे.

आता कुणाची भागीदार नसलेली,
तुझी बेनिटा